पुढची सूचना कधी निघणार, मंत्रीमहोदय?

माननीय रेल्वेमंत्री महोदय,
आणि रेल्वे भवनात बसून आमच्या प्रवासाचे निर्णय घेणाऱ्या सर्वांना,



पत्र उघडच लिहितेय. बंद पाकिटातून पाठवून झाली, निवेदनं देऊन झाली, खासदारांच्या घरी खेटे घालून झाले. सगळ्यांना उत्तर एकच मिळतं आणि त्या उत्तरात आमच्या प्रश्नाचा उल्लेखसुद्धा नसतो. म्हणून म्हटलं, आता चारचौघांसमोरच विचारावं.

२० मार्च २०२० ही तारीख तुमच्या फायलीत आहे. आमच्या तर डोक्यातच बसली आहे. जनता कर्फ्यू दोन दिवसांवर होता, टाळेबंदी अजून जाहीर व्हायची होती. त्या दिवशी शून्य वाजल्यापासून तुम्ही ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत थांबवलीत. पुरुषांना साठीनंतर ४० टक्के आणि बायकांना अठ्ठावन्नाव्या वर्षानंतर ५० टक्के. कारण सांगितलंत की म्हाताऱ्या माणसांनी गरज नसताना घराबाहेर पडू नये, त्यांना कोरोनाचा धोका जास्त. आणि मुदत सांगितलीत: पुढील सूचनेपर्यंत.

आम्ही ऐकलं. कुणी एका शब्दानं तक्रार केली नाही. करणार तरी कशी? आमच्याच जिवासाठी चाललंय म्हणालात. उलट बरं वाटलं. सरकारला आपल्या वयाची आठवण आहे, असं वाटण्याचे प्रसंग आमच्या वाट्याला फार येत नाहीत.

ती पुढची सूचना अजून निघालेली नाही.

साथ गेली, हे तुम्हीच आम्हाला सांगितलंत. एकेक गोष्ट परत आणून सांगितलंत. गर्दी होऊ नये म्हणून मुंबईत प्लॅटफॉर्म तिकीट ५० रुपयांवर नेलं होतं, ते नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा १० रुपयांवर आणलंत. त्याच महिन्यात मेल-एक्स्प्रेसच्या नंबरांपुढचं ते ‘स्पेशल’चं शून्य काढलंत. गाडीत शिजवलेलं जेवण सुरू झालं. मार्च २०२२ मध्ये एसी डब्यांतली चादर, उशी, कांबळं आणि खिडकीचे पडदेसुद्धा परत आले. जनरलचा डबा पुन्हा बिनआरक्षणाचा झाला. ‘अंतर राखा’ म्हणून फलाटावर रंगवलेली वर्तुळं तर पायांनीच पुसून गेली.

उशी परत आली, पडदा परत आला. आमची सवलत तेवढी कुठे अडकली?

हा निर्णय झाला तेव्हा तुम्ही त्या खुर्चीत नव्हता, हे मला ठाऊक आहे. जुलै २०२१ मध्ये तुम्ही आलात. त्यामुळे घेतल्याचा दोष तुम्हाला देत नाही. त्या दिवसांत तो निर्णय योग्यच होता, असं मी आजही म्हणेन. माझा प्रश्न सवलत परत न दिल्याचा आहे. शेजारीण अडीअडचणीला पातेलं मागून नेते, कार्य उरकतं, आणि महिन्याभरानं आपण मागायला गेलो तर तीच आपल्याला स्वयंपाकघर चालवण्याचा खर्च ऐकवते, तसं तुमचं झालंय.

कारण तुम्ही नंतर कारणच बदललंत. जुलै २०२२ मध्ये संसदेत लेखी उत्तर दिलंत. त्यात आमच्या तब्येतीचं नाव नव्हतं. सवलतींचा रेल्वेवर भार पडतो, म्हणून ज्येष्ठांसह सगळ्यांना त्या पुन्हा देणं इष्ट नाही, असं होतं. हे मार्च २०२० मध्ये का नाही सांगितलंत? तेव्हा म्हणाला असतात की पैसे नाहीत, सवलत बंद करतोय, तर आम्ही भांडलो असतो. कदाचित हरलो असतो. पण समोरासमोर हरलो असतो. तुम्ही आमच्या काळजीचं निमित्त करून दार लोटलंत आणि साथ ओसरल्यावर आतून कडी घातलीत. आमच्या जिवावर बेतलेली वेळ होती हो ती. कुणाचा नवरा गेला होता, कुणाचा भाऊ. त्या वेळेचा असा हिशेबी उपयोग व्हावा, हे मनाला लागलंय.

पैशाबद्दल बोलायला आम्ही लाजत नाही, तेव्हा तेही बोलते. मूळ भाडं ५०० रुपये असलेलं तिकीट धरा. नवरा-बायको दोघं साठीच्या पुढची. पूर्वी त्यांचे ३०० आणि बाईंचे २५०, मिळून ५५० लागायचे. आता हजार लागतात. एका बाजूला ४५० आणि जाऊन-येऊन ९०० रुपयांचा फरक. आरक्षणाचं, सुपरफास्टचं शुल्क वेगळं, ते तेव्हाही द्यावंच लागायचं. त्यात जुलै २०२५ पासून भाडंही थोडं वाढवलंत.

नऊशे रुपये तुमच्या दृष्टीनं काय आहेत, मला माहीत नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांचं काय, ते सांगते. साखर कारखान्यातून, सूतगिरणीतून, सहकारी सोसायटीतून, एसटीतून निवृत्त झालेल्या माणसाला ईपीएस-९५ चं पेन्शन मिळतं. त्याची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. म्हणजे मुलीकडे एकदा जाऊन यायचं तर तुमच्या त्या एका आदेशापायी महिन्याचं पेन्शन जवळजवळ संपलं. मग माणूस काय करतो? जात नाही. फोनवर बोलतो. नातीचं बारसं व्हिडिओवर बघतो. तुमच्या नोंदीत हा माणूस कुठेच सापडणार नाही, कारण त्यानं तिकीटच काढलेलं नसतं.

ज्यांनी काढलं, त्यांची नोंद मात्र आहे आणि ती तुमच्याच खात्यानं माहितीच्या अधिकारात दिली आहे. मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२५ या पाच वर्षांत ३१ कोटींहून अधिक वेळा ज्येष्ठांनी प्रवास केला आणि सवलत न दिल्यामुळे तुमच्याकडे ८,९१३ कोटी रुपये जादा जमा झाले. आठ हजार नऊशे तेरा कोटी. आम्ही घरात बसावं म्हणून सवलत काढली होती ना? आम्ही घरात बसलो नाही. बसता येत नव्हतं. दवाखाना होता, कोर्टाची तारीख होती, बहिणीचा दहावा होता. मग ते पैसे कशाचे?

तुमचं नेहमीचं उत्तर आता आम्हाला तोंडपाठ झालंय. २०१९-२० मध्ये रेल्वेनं प्रवाशांना ५९,८३७ कोटींचं अनुदान दिलं. मग आकडा बदलला आणि ५६,९९३ कोटी झाला. शंभर रुपयांची सेवा आम्ही ५४ रुपयांत देतो, म्हणजे प्रत्येकालाच ४६ टक्के सवलत आहे, असं तुम्ही सांगितलंत. असेल. पण ते अनुदान तर पंचवीस वर्षांच्या धडधाकट नोकरदारालाही आहे. आम्ही विचारतो आमच्या ताटातलं आणि तुम्ही दाखवता पंगत.

आणि त्या मोठ्या आकड्याच्या शेजारी तुमचाच दुसरा आकडा ठेवून बघा. त्याच २०१९-२० मध्ये ज्येष्ठांच्या सवलतीपोटी तुम्ही सोडलेलं उत्पन्न होतं १,६६७ कोटी. साठ हजार कोटींच्या भारातले हे जेमतेम तीन टक्के. बाकीच्या सत्त्याण्णव टक्क्यांनी गाडी जड झाली नाही आणि आम्ही चढल्यावर रुतली? आता रेल्वेचा एका वर्षाचा भांडवली खर्च अडीच लाख कोटींच्या वर आहे. तो जरूर करा. नवे रूळ हवेत, नवे डबे हवेत, सुरक्षा हवी. पण निदान आमच्यामुळे जमत नाही असं तरी सांगू नका.

आमच्या मोठेपणाचीही परीक्षा तुम्ही एकदा घेतली होती, आठवतंय? २०१६ मध्ये सवलत ऐच्छिक केलीत. घ्यायची की नाही, ते ज्येष्ठांनीच ठरवावं म्हणालात. पुढे अर्धी सोडायची की पूर्ण, असाही पर्याय दिलात. गॅसचं अनुदान सोडा म्हटल्यावर लोकांनी सोडलं होतं, तसंच इथेही. ज्यांना परवडत होतं त्यांच्यातल्या पुष्कळांनी सवलत सोडलीही. कुणी जबरदस्ती केली नव्हती. हीच पद्धत पुढे चालवता आली नसती? ज्यानं आपणहून सोडली आणि ज्याला ती खरंच लागत होती, त्या दोघांना तुम्ही एका रात्रीत एकाच रांगेत उभं केलंत.

त्याच सुमारास तिकिटावर एक ओळ छापायला सुरुवात केली होतीत. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रेल्वे वसूल करते, अशी. पुढे त्यात आणखी भर घातलीत: तुमच्या भाड्याचा ४३ टक्के भार देशातले सामान्य नागरिक उचलतात, याची तुम्हाला कल्पना आहे का? खिडकीवरून तिकीट घ्यायचं, चष्मा सावरत डबा आणि बर्थ तपासायचा, तर खाली बारीक अक्षरात हे. मी तेव्हाही म्हटलं होतं, हे सामान्य नागरिक म्हणजे कोण? चाळीस वर्षं कर भरून, पास काढून, उभ्यानं प्रवास करून म्हातारे झालेले आम्ही त्यांत येतो की नाही?

सवलत अजिबात नाही असं कुठे आहे, असंही तुम्ही म्हणता. दिव्यांगांना आहे, विद्यार्थ्यांना आहे, अकरा प्रकारच्या रुग्णांना आहे. ती आहे हे चांगलंच आहे आणि ती कधीही जाऊ नये. कॅन्सर, डायलिसिस, हृदयशस्त्रक्रिया, थॅलेसेमिया... यादी मी वाचली आहे. पण मोतीबिंदू तिच्यात नाही. गुडघा नाही. मधुमेह नाही, कंपवात नाही. म्हणजे वयामुळे जे होतं, ते नेमकं त्या यादीत नाही. आता सवलतीसाठी आम्ही त्या अकरांपैकी एखादा आजार जडण्याची वाट बघायची का?

खालच्या बर्थचं सांगता, तेही कबूल. स्लीपरच्या डब्यात सहा-सात खालचे बर्थ ज्येष्ठांसाठी आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांसाठी राखून ठेवता. उपकार आहेत. पण बर्थ खालचा मिळाला म्हणून भाडं कमी होत नाही. आणि आरक्षणाच्या अर्जात आमचं वय तुम्ही अजूनही विचारताच. एकेकाळी त्या रकान्यात ६२ लिहिताना बरं वाटायचं. हल्ली वाटतं, कशाला विचारता?

आता शेजारच्या स्टँडवर जाऊ या. आमची एसटी कायमची तोट्यात असते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. साथीत ती बंद पडली, मग सहा महिने संपात गेली, गाड्या जुन्या झाल्या, खेड्यातल्या मुक्कामी फेऱ्या तुटल्या त्या कितीतरी ठिकाणी अजून जुळल्या नाहीत. तिच्याबद्दलची तक्रार वेगळी आहे आणि ती पुष्कळ मोठी आहे. पण त्याच एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या माणसाला तिकीट नाही. पासष्ट ते पंचाहत्तरला अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. यात राजकारण आहे, मला कळतं. मतांसाठी केलं असेल. तरी वाहकानं आधार कार्ड बघून शून्य रुपयांचं तिकीट हातात दिल्यावर आजोबांचा चेहरा कसा होतो, ते एकदा बघा. खिळखिळ्या लाल गाडीला जमतं, ते तुम्हाला का जमू नये?

तुम्ही म्हणाल, बाई सवलतीवरच अडून बसली. तसं नाही. साथीच्या नावाखाली गेलेलं आणखीही बरंच आहे, आणि ते म्हाताऱ्यांपुरतं नाही.

पॅसेंजर गाड्यांचं घ्या. टाळेबंदीनंतर त्या पुन्हा सोडल्यात त्या स्पेशलचं लेबल लावून, एक्स्प्रेसच्या भाड्यानं. गाडी तीच, डबे तेच, थांबे तेच, वेगही तोच. किमान तिकीट मात्र १० रुपयांचं ३० रुपये झालं. पुढच्या स्टेशनावर भाजीची पाटी घेऊन जाणाऱ्या बाईला तिप्पट. हे एक-दोन महिने नाही, फेब्रुवारी २०२४ पर्यंत चाललं. मग लोकसभेची निवडणूक तोंडावर आली आणि भाडं गुपचूप पूर्ववत झालं. झालं ते बरं झालं. पण त्यातून आम्ही काय शिकायचं? की १० रुपयांचं तिकीट पुन्हा देता येत होतं, इच्छा तेवढी नव्हती?

आणि दादर-रत्नागिरी पॅसेंजर? ती तर अजून अर्ध्या वाटेवरच उभी आहे. साथीआधी ही गाडी दादरहून सुटायची आणि दादरलाच परत यायची. साथीनंतर ती दिवा स्टेशनावरच तोडलीत. मुंबईकडच्या उपनगरी गाड्यांच्या गर्दीत तिला जागा नाही, असं कारण देता. त्याच दादरहून लांब पल्ल्याच्या स्पेशल गाड्यांना फलाट मिळतो, हे कोकणातल्या प्रवासी संघटना तुम्हाला वारंवार दाखवून देतात. त्या गाड्यांनी जाणारी माणसंही आमच्यासारखीच गरजू आहेत, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. भांडण तुमच्याशी आहे.

एकदा ही गाडी येण्याच्या वेळी दिव्याच्या फलाटावर उभे राहा. सोबत लवाजमा आणू नका. विन्हेरे, अंजनी, कामथे, उक्षी, भोके अशा, एक्स्प्रेस जिथे ढुंकूनही बघत नाहीत त्या स्टेशनांवरून चढलेली माणसं उतरतील. त्यांचं सामान बघा. घरच्या तांदळाचं पोतं, कुळथाच्या पिठाची पिशवी, आमसुलं, सुकवलेले आंबोशीचे काप, वर्तमानपत्रात गुंडाळलेली फणसपोळी, एखाद्याच्या हातात दोरीनं बांधलेला अख्खा फणस. लालबागच्या, परळच्या, डोंबिवलीच्या कितीतरी स्वयंपाकघरांतली वर्षाची बेगमी या गाडीनं आली आहे. बाजारात ते सगळं मिळतं, पण विकत घ्यायला पैसे लागतात. गावाकडची आई पोतं भरून देते, तेव्हा मुंबईतल्या घराचा दोन महिन्यांचा तांदूळ सुटतो.

ते पोतं आता दिव्याला उतरवायचं. खांद्यावर घ्यायचं, जिना चढायचा, पूल ओलांडायचा, दुसऱ्या फलाटावर उतरायचं आणि आधीच माणसं बाहेर लोंबकळत असलेल्या लोकलमध्ये ते आत ढकलायचं. सत्तरीचा माणूस हे कसं करेल? करत नाही. पोतं गावीच राहतं. तुम्हाला वाटतं तुम्ही गाडी तीस-पस्तीस किलोमीटरनं तोडली. तुम्ही त्या घराच्या कणगीपर्यंतचा रस्ता तोडलात.

लहान थांब्यांची गोष्ट तर हसू आणणारी आहे. साथीच्या काळात वेळापत्रकं नव्यानं आखलीत आणि जागोजागचे थांबे गेले. लोकांनी आंदोलनं केली, रुळांवर बसायच्या धमक्या दिल्या. मग त्यातले काही परत आले. कसे? ‘प्रायोगिक तत्त्वावर’! गाडी फुलांनी सजवून, खासदारांच्या हातात हिरवा झेंडा देऊन, ढोल वाजवून. आमच्या आजोबांच्या वेळेपासून जिथे गाडी थांबत होती, तिथे ती दोन मिनिटं थांबली म्हणून आम्ही टाळ्या वाजवायच्या आणि पेढे खायचे. आमचंच आम्हाला प्रयोग म्हणून देताना तुम्हाला संकोच वाटला नाही?

इतकं टोचून लिहितेय, पण रेल्वेबद्दल आमच्या मनात काय होतं, तेही सांगायला हवं. नाहीतर हे सगळं का लागलं, ते तुम्हाला कळणार नाही.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं. टँकरवर मारामाऱ्या होत होत्या, जमावबंदी लावावी लागली होती. तेव्हा मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून तुमची गाडी रात्रभर चालत लातूरला आली. लोक स्टेशनात गाडीला हार घालायला गेले होते. आणि एप्रिल २०२१? रुग्णालयांबाहेर माणसं ऑक्सिजनवाचून तडफडत होती, तेव्हा कळंबोलीहून रिकामे टँकर वाघिणींवर चढवून पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला गेली आणि भरून नागपूर-नाशिकला परतली. त्या रात्री ती गाडी कुठपर्यंत आली, हे लोक टीव्हीसमोर बसून बघत होते. असा विश्वास कुठल्या दुसऱ्या सरकारी खात्याच्या नशिबी आलाय, सांगा.

साथीत तुम्ही किसान रेलही सुरू केलीत. देशातली पहिली आमच्या देवळालीहून दानापूरला ७ ऑगस्ट २०२० ला सुटली. शंभरावी सांगोल्याहून शालिमारला गेली. फळं-भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मं अनुदान होतं. सांगोल्याचं डाळिंब बंगालात वेळेवर पोचत होतं, शेतकऱ्याला चार पैसे मिळत होते. मग अनुदान थांबलं आणि गाड्याही आटल्या. का, तर ती संकटकाळातली सोय होती म्हणे.

मान्य. मग तोच न्याय आम्हाला लावा की. संकटात दिलं ते संकट संपल्यावर काढून घेता, तर संकटात घेतलं ते संकट संपल्यावर परत का देत नाही?

हा प्रश्न मी एकटीच विचारत नाही. रेल्वेविषयक संसदीय स्थायी समितीनं तुम्हाला सांगितलं की निदान स्लीपर आणि थर्ड एसीपुरता तरी फेरविचार करा, खरे गरजू तिथे असतात. समिती तुमचीच, तिचे अध्यक्षही तुमच्याच पक्षाचे. एकदा सांगितलं, पुन्हा सांगितलं. त्याचं काय केलंत? एप्रिल २०२३ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा हा सरकारच्या धोरणाचा प्रश्न आहे, आम्ही आदेश देणार नाही, असं न्यायालय म्हणालं. काही जण त्याला तुमचा विजय म्हणतात. मला वाटतं, न्यायालयानं चेंडू तुमच्या हातात ठेवला. देण्याचा अधिकार पूर्णपणे तुमचा आहे, हेच त्यातून ठरलं. कुणी अडवलेलं नाही तुम्हाला.

आम्ही फार मागतही नाही. वंदे भारतमध्ये सवलत नको. फर्स्ट एसीत नको, सेकंड एसीत नको. ज्याचं उत्पन्न भरपूर आहे, त्याला देऊ नका, हवं तर प्राप्तिकर भरणाऱ्यांना वगळा. वर्षातून ठरावीक फेऱ्यांपुरतीच द्या, आधारशी जोडा. तत्काळ तिकिटाला आधार जोडता येतं तर इथे का नाही? साठीऐवजी पासष्ट करा, चाळीस टक्क्यांऐवजी तीस करा. यातलं काहीही ठरवा, चर्चेला आम्ही तयार आहोत. २०११ च्या अर्थसंकल्पात पुरुषांची सवलत तीसवरून चाळीस केली होती, बायकांचं वय साठवरून अठ्ठावन्नावर आणलं होतं. म्हणजे आकडे पुढेमागे होऊ शकतात, हे आम्हालाही कळतं. पण तुम्ही आकड्यांवर बोलतच नाही. बोलायला बसलं की दिलेलं वचन आठवावं लागेल, म्हणून का?

कधी कधी वाटतं, तुम्ही आमच्या संपण्याची वाट बघताय. २०२० मध्ये जे सत्तरीत होते त्यांच्यातले कितीतरी गेले. ज्यांनी सवलतीचं तिकीट कधी हातात घेतलंच नाही, अशी माणसं आता साठीत येताहेत. आणखी दहा वर्षांनी असं काही होतं हे सांगणारंही कुणी उरणार नाही आणि प्रश्न आपोआप निकाली निघेल. असा विचार तुमच्या मनात नसेल, अशी आशा आहे. पण मग दुसरा कुठला विचार आहे, तो तरी सांगा.

संसदेच्या येत्या अधिवेशनात कुणी ना कुणी खासदार हा प्रश्न पुन्हा विचारेल. दर वेळी विचारतात. या वेळी कृपा करून अनुदानाचा तो आकडा वाचून दाखवू नका, अकरा आजारांची यादीही नको. स्लीपर आणि थर्ड एसीत ज्येष्ठांची सवलत परत देणार की नाही आणि रत्नागिरी पॅसेंजर दादरला आणणार की नाही, एवढ्याच दोन प्रश्नांची उत्तरं द्या. नाही म्हणायचं असेल तर स्पष्ट नाही म्हणा, आणि २० मार्च २०२० चा तो आदेश कायमचा आहे असं लेखी द्या. आम्ही त्याप्रमाणे बघू.

आपली,
एक प्रवासी
(स्त्री, वय अठ्ठावन्नच्या पुढे, भाडं पूर्ण)